सर्जेराव मंडपात बोलले तो हिवाळा

डिसेंबर लागला की माझ्या नाकात फक्कीचा वास येतो. खरं तर आता चिंचवडात फक्की कुठे दिसत नाही. मैदानांवर गाड्या उभ्या राहतात आणि कबड्डी मातीवरून उठून रबरी चटयांवर गेली. तरी सकाळी गॅलरीत उभं राहावं, पवना नदीकडून येणारा गारठा कानाच्या पाळीला झोंबावा, आणि समोर कुणीतरी वाकून, मुठीतून चुना सोडत, मातीवर पांढरी रेघ ओढत निघालेला दिसावा, असं होतं. हात जरा थरथरला तर रेघही थरथरायची. पंच ओरडायचे, पुसून पुन्हा काढायला लावायचे. मग ऊन वर यायचं आणि ती रेघ डोळ्यांना बोचेल इतकी पांढरी व्हायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दापोडीपासून निगडीपर्यंत कारखान्यांच्या भोंग्यांवर दिवस कापला जाई. औषधांच्या कारखान्याकडून वारा आला की हवेला आंबलेल्या ताकासारखा वास यायचा. नवखे नाकाला रुमाल लावायचे, आम्हाला त्याच्यावाचून सकाळ झाली असं वाटायचं नाही. पण दोन कारखान्यांच्या मध्ये अजून शेतं होती. आकुर्डीच्या पुढे ज्वारी उभी असायची. खेड्यांतून सायकलवर येणाऱ्या कामगारांच्या विजारी गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेल्या असत, आणि एखाद्याच्या हँडलला कणसांची पेंढी बांधलेली असे. थंडी म्हणजे हुरडा, थंडी म्हणजे स्वेटरवर चढवलेला खाकी डगला, आणि थंडी म्हणजे कबड्डी. प्रत्येक कंपनीचा संघ होता. पहिली पाळी सुटली की माणसं घरी न जाता तशीच मैदानावर यायची, हाताला ग्रीसचा वास घेऊन.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. खेळण्याच्या नावानं शून्य. पण आवाज बरा होता, म्हणून सामन्यांना आणि समारंभांना माईक माझ्याकडे असायचा. वय लग्नाचं. आई नव्हती, ताई सासरी गेलेली, घरात बाबा आणि मी. बाबा हायस्कूलचे मुख्याध्यापक. त्यांनी त्या हिवाळ्यात माझ्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं. तळेगावची मुलगी, बी.ए. झालेली. पुढच्याच महिन्यात बघायला जायचं ठरत होतं.

आणि मला माझ्याबद्दल एक गोष्ट कॉलेजपासून माहीत होती, तिला शब्द नव्हता. म्हणजे शब्द होते. कँटीनमध्ये आवाज खाली करून, नाहीतर हसत, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत लोक ते वापरायचे. ते शब्द शिवी म्हणूनच जन्मले होते. त्यातला एकही उचलून स्वतःकडे बोट दाखवावं, अशी सोय नव्हती. त्यामुळे मी जगात एकटाच असा आहे, असं मी धरून चाललो होतो. हे आता सांगताना वेडेपणाचं वाटतं. तेव्हा ते माझ्या उंचीइतकं, माझ्या रक्तगटाइतकं साधं सत्य होतं.

सर्जेराव आमच्या संघाचे कप्तान. चाकणजवळच्या महाळुंग्याचे, शेतकऱ्याच्या घरचे, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपला काम. महाळुंग्याला तेव्हा कांदा आणि ज्वारी पिकायची, कारखान्याचं तिथे नाव नव्हतं. सर्जेराव अंगानं फार मोठे नव्हते. पण चढाईला निघाले की मैदान गप्प व्हायचं. तोंडातल्या तोंडात दम घुमवत, मध्यरेषा ओलांडून ते आत जायचे, आणि आपण श्वास घ्यायचं विसरलो आहोत हे ते परत आल्यावर आपल्या लक्षात यायचं. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांतली मुलं त्यांची सही मागायची. बाबांसारखा माणूस, ज्यानं आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नाही, तोही शाल पांघरून सामन्याला यायचा आणि परतीच्या वाटेवर म्हणायचा, "या माणसाच्या खेळात लबाडी नाही."

त्या वर्षी आमच्या संघानं औद्योगिक स्पर्धेचा कप आणला. कंपनीच्या मैदानावर मांडव घातला गेला. पहिली पाळी सुटलेली, दुसरीची माणसं चहाच्या सुट्टीत कुंपणाला लगडलेली. उतरतं ऊन मांडवाच्या एका अंगानं आत आलेलं. पहिल्या रांगेत सर्जेरावांच्या आई, हिरवं नऊवारी, नवीन चप्पल पायातून काढून शेजारी नीट ठेवलेली. पाहुणे होते इथले एक पुढारी. चांगले बोलत. त्यांनी संघाचं कौतुक केलं, शाल घातली, आणि मग सर्जेरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कप आणला, आता सून आणा. तिशी उलटली गड्याची. आई इथं बसल्यात, त्यांच्यासमोर शब्द देतो, मुलगी मी बघतो. येत्या चैत्रात याच मांडवात अक्षता टाकू."

टाळ्या झाल्या. लोक हसले, प्रेमानं हसले. सर्जेरावही हसतील आणि खाली बसतील असं मला वाटलं. ते माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला. मी माईक दिला.

"सायबांनी माझ्या लग्नाचं काढलं, म्हणून बोलतो," ते म्हणाले. आवाज चढाईत असायचा तसाच, खालचा. "मी लगीन करणार न्हाई. मी साधू बी न्हाई आन् ब्रह्मचारी बी न्हाई. माझा जीव एका गड्यावर हाय. बाईवर कधी बसला न्हाई, बसायचा बी न्हाई. मी असाच हाय. पाठीमागं लोक बोलत्यात, ते मला ठावं हाय. म्हणून म्होरं सांगतो. त्याचं नाव मी घेणार न्हाई, ते त्याचं त्यानं घ्यायचं. माझं नाव तुमाला ठावं हाय. कुणाची लेक माझ्या गळ्यात बांधून तिचं वाटोळं करू नका, एवढंच मागणं हाय."

मी त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होतो. पुढारी माझ्याकडे पाहून दोन बोटांनी खूण करत होते, माईक घे. मला खूण दिसत होती. माझा हात हलला नाही. त्याला धैर्य म्हणता येणार नाही. देवळात अचानक पडदा बाजूला होऊन मूर्ती समोर यावी आणि हात जोडायचंसुद्धा सुचू नये, तसं मला झालं होतं. माझ्या छातीत इतकी वर्षं जे होतं, ते दुसऱ्याच्या तोंडून, कर्ण्यातून, कुंपणापलीकडच्या रस्त्यापर्यंत गेलं होतं. आणि आभाळ जागच्या जागी होतं. मांडवाचं कापड वाऱ्यानं हलत होतं. कुणीतरी खोकलं.

मग मागून एक शिवी आली. एक हसणं आलं, ते पसरलं नाही. सर्जेरावांनी माईक माझ्या हातात परत दिला, कप उचलला, आणि पायऱ्या उतरून आईपाशी गेले. आईनं चपला घातल्या. मुलाकडे न बघता ती मांडवाबाहेर पडली आणि चाकणच्या एस.टी.ला एकटीच जाऊन बसली.

परवा ही सगळी हकीकत मी ईराला सांगत होतो. ईरा माझ्या ताईची नात. हिंजवडीला नोकरी, मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. टीव्हीवर बातमी चालू होती: एका नावाजलेल्या खेळाडूनं आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. ईरा भाजी वाढून घेत म्हणाली, "आजोबा, हे सगळं जाहीर कशाला करायचं? आता कोणाला काय फरक पडतो? जगा की शांतपणे."

तिनं हे वाईट अर्थानं म्हटलं नव्हतं. माझ्याबद्दल तिला कळत्या वयापासून माहीत आहे. तिला त्यात बातमी वाटत नाही, आणि त्याचा मला किती आनंद आहे हे मी तिला कधी नीट सांगू शकलेलो नाही.

मी विचारलं, "तुझ्या ऑफिसात चालतं हे?"

"एकदम. आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही."

"मग कितीजणांनी सांगितलंय?"

ती विचार करू लागली. वाढलेली भाजी ताटात तशीच राहिली. "कोणीच नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एवढा मोठा मजला आहे आमचा. कोणीच नाही."

मग तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "पुढं काय झालं त्यांचं?"

पुढं बरंच झालं. प्रेस शॉपमध्ये माठावरचा त्यांचा पेला कुणीतरी वेगळा ठेवला. संघातले दोघं सरावाला येईनासे झाले. त्यांना कामावरून काढावं अशी कुजबुज झाली. पण काम चोख, युनियन जागी, आणि कप ऑफिसच्या काचेच्या कपाटात झळकत होता. आठवडाभर सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात दुसरा विषय नव्हता. लोकलच्या डब्यात, हेअर कटिंगच्या दुकानात, भाजीच्या हातगाडीशी. काय काय बोलले लोक. मी ते सगळं कान देऊन ऐकत होतो. लोक वाईट बोलत होते, पण बोलत होते. ज्याला शब्द नव्हता त्याला आता एक नाव झालं होतं, आणि ते नाव चांगल्या चढाईपटूचं होतं.

मग भोसरीशी त्यांच्याच मैदानावर सामना आला. मैत्रीचाच सामना होता, पण भोसरी म्हणजे कबड्डीचं माहेर, आणि माणूस असा लोटला की झाडांवरही जागा राहिली नाही. लोक काही खेळ बघायला आले नव्हते, हे मला माईक धरून उभं असताना कळत होतं. बाबाही आले होते. नेहमीसारखेच, शाल पांघरून.

सर्जेराव पहिल्या चढाईला निघाले. मध्यरेषा ओलांडली. आणि समोरचे सातही गडी मागे सरले. पकडायच्या बेतानं सरले नव्हते. अंगाला अंग लागू नये म्हणून सरले होते. कोपऱ्यातल्या एकानं तर दोन्ही हात पाठीमागे घेतले. लोक हसू लागले. सर्जेराव आत गेले, एकाला बोट लावलं आणि चालत परत आले. पंचांनी गुण दिला. दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच. गुण मिळत होते, आणि प्रत्येक गुणाबरोबर मैदान हसत होतं. इतका लाजिरवाणा विजय मी पाहिलेला नाही.

तिसऱ्या वेळी ते मध्यरेषेवर थांबले. दम घेतलाच नाही. पंचांना म्हणाले, "हे गुण लिहू नका."

"नियमानं तुमचेच आहेत," पंच म्हणाले.

"नियमानं असतील. मी खेळायला आलोय." मग ते समोरच्या संघाकडे वळले. रागानं बोलले नाहीत. घरच्या माणसाला जेवायला बस म्हणावं तसं म्हणाले, "धरा की मला. इतकी वर्सं धरताय. मी त्योच हाय."

भोसरीचा कप्तान दांडगा होता, तालमीत वाढलेला, सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं आपल्या पोरांकडे एकदा पाहिलं, खाली थुंकला, लंगोट सारखा केला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला बाजूला सारून स्वतः तिथं उभा राहिला. "या," म्हणाला.

सर्जेरावांनी दम घेतला. आत गेले. उजवीकडे हूल दिली, डावीकडे पाय टाकला, आणि वस्तादानं झेप घालून त्यांचा घोटा धरला. काय ती पकड. जसा खांब रोवावा तशी. सर्जेराव ओढत होते, मध्यरेषेच्या दिशेनं बोटं मातीत रुतवत होते, आणि वस्तादाच्या मागून एकेक करत सगळे गडी त्यांच्यावर पडले. पाठीमागे हात घेतलेला तोही पडला. धुळीचा लोट उठला. त्याखाली सात-आठ माणसांचा एक ढीग, आणि त्यातून ऐकू येणारा सर्जेरावांचा दम, क्षीण होत होत थांबला. ते बाद झाले.

आणि मैदान टाळ्या वाजवू लागलं. भोसरीचं मैदान, स्वतःच्या पकडीसाठी, आणि आणखी कशासाठी तरी. धूळ बसली तेव्हा वस्तादानं हात देऊन त्यांना उठवलं. सर्जेरावांचा गुडघा फुटला होता आणि तोंडभर हसू होतं. मला निवेदन करायचं होतं, "भोसरीला एक गुण". ते मी टाळ्या विरल्यावर म्हटलं. बाद झालेल्या माणसाला इतकं जिंकलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तो सामना आम्ही हरलो.

संक्रांतीच्या सुमारास सर्जेरावांनी ड्रॉइंग ऑफिसात डोकावून मला विचारलं, "हुरडा खाता का, साहेब?" आम्ही सायकलींवर महाळुंग्याला गेलो. वाटभर मी काही विचारलं नाही, त्यांनीही नाही. माईक का काढून घेतला नाहीत, एवढाच प्रश्न त्यांच्या मनात असावा असं मला वाटलं, आणि त्याचं उत्तर त्यांना मिळालेलंच असावं असंही. शेतात त्यांच्या आईनं आगटी पेटवली होती. कणसं निखाऱ्यात भाजायची आणि गरम गरम हातावर चोळून दाणे सुपात टाकायचे. तळहात लाल झाले होते तिचे. माय-लेकरांत बोलणं सुरू झालं होतं, पण जपून, तापलेल्या भांड्याला हात लावावा तसं.

सर्जेराव पाणी आणायला विहिरीवर गेले तेव्हा ती मला म्हणाली, "तुमी त्या दिशी तिथं हुतात, त्या कर्ण्यापाशी."

"हो."

"मला त्याचं काय कळत न्हाई बगा. समद्या गावानं मला समजावलं, तरीबी कळंना." तिनं एक कणीस चोळलं. "पर कळत न्हाई म्हणून काय लेक टाकून देऊ? त्याचा बाप बी मला कधी कळला न्हाई. जलम काढला न्हवं."

मी हसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, तिनं तो हातानं बाजूला सारल्यासारखं केलं आणि सूप माझ्यापुढे ढकललं.

त्या पायवाटेवर आता कंपन्यांच्या भिंती आहेत. ट्रक रांगेनं उभे असतात. मी तिथून कधी गेलो तर ते शेत कुठे होतं ते मला सांगता येत नाही. ज्वारीचे ते कोवळे दाणे मात्र जिभेवर आहेत, आणि घरी परतताना माझ्या पोटात बसलेली एक विलक्षण शांतता. तोवर मला वाटायचं की सांगितलं की सगळं संपतं. त्या हिवाळ्यानं मला डोळ्यांनी दाखवलं की सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी भोंगा वाजतो, माणूस कामावर जातो, शिव्या खातो, सामना हरतो, आणि त्याची आई त्याच्यासाठी कणसं भाजते. हे कुणी समजावून पटलं नसतं. ते कुणीतरी आपल्या देखत जगून दाखवावं लागतं, आणि ज्याच्याकडे सगळे बघतात अशानंच दाखवावं लागतं. मी सांगितलं असतं तर ते आमच्या आळीत राहिलं असतं. सर्जेराव बोलले आणि ते माझ्यापर्यंत आलं. आणखी कुणाकुणापर्यंत गेलं, कोण कोण त्या कुंपणाला लगडून ऐकत होतं, ते मला कधीच कळणार नाही.

तळेगावला जायच्या आधल्या शुक्रवारी संध्याकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी समोर बसलो.

"बाबा, मला लग्न करायचं नाही."

"स्थळ पसंत नाही का?"

"तसं नाही. कोणतंच नको."

त्यांनी चष्मा काढला. "कारण?"

आयुष्यभर मी या प्रश्नाला भीत आलो होतो, कारण उत्तराला शब्द नव्हता. आता होता. "सर्जेराव मंडपात बोलले ना," मी म्हटलं, "तेच."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी खाली बघत होतो, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. कधी कधी मला वाटतं, बघायला हवा होता.

"भोसरीविरुद्ध खेळला, तो," ते अखेर म्हणाले.

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग तळेगावच्या लोकांना आजच निरोप द्यायला हवा," ते म्हणाले. "उगीच पोहे भिजवून ठेवतील बिचारे." आणि शाल घेऊन स्वतःच निरोप द्यायला निघाले.

त्यापुढे दोन वर्षं आम्ही या विषयावर एक शब्द बोललो नाही. ती वर्षं सोपी नव्हती. बाबा माझ्याशी पूर्वीइतकंच बोलत, पण सणासुदीला नातेवाईक यायचे म्हटलं की त्यांना डोकेदुखी सुरू व्हायची. मी ते समजून घेतलं, कधी घेतलंही नाही.

मग एका रविवारी सकाळी सर्जेराव आमच्या दारात उभे राहिले. खेळ थांबला होता, आता मुलींचा संघ शिकवत होते आणि त्यासाठी शाळेचं मैदान हवं होतं. बाबा निवृत्त झाले होते, पण त्यांच्या शब्दाला मान होता. बरोबर आणखी एक माणूस होता. पांढरा शर्ट, कडेला पिकू लागलेले केस, हातात छत्री. तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"आत या," मी म्हटलं.

सर्जेरावांनी मागे पाहिलं. तो माणूस जरा अडखळला, मग पुढे आला, बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मी वसंत. यांच्याबरोबर असतो."

बाबा आरामखुर्चीत होते. शिक्षणाधिकारी आले तरी त्या खुर्चीतून न उठलेले बाबा. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि उठून उभे राहिले.

"सर, तुमी बसा," सर्जेराव घाईनं म्हणाले.

"बसतो," बाबा म्हणाले. "आधी तुम्ही दोघं बसा."